बटणाच्या गाण्याचा भाव

टीपमावशीचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं, आणि तो परवाना कपाटामागे पडला होता. कुणी उसवलेली शिवण घेऊन आलं की ती म्हणायची, "थांबा, एक टीप मारून देते," म्हणून ती टीपमावशी. किल्लीवाला आणि इस्त्रीवाला यांच्या मधल्या फटीत तिचं दुकान. मावशी आत, मशीन आत, गिऱ्हाईक बाहेर. नवं काही ती शिवत नसे. पॅन्ट आखूड करायची, चेन बदलायची, बटणं लावायची. हे तेवीस वर्षं चाललं होतं, आणि तेवीस वर्षं ती मशीनच्या ठेक्यावर गात होती. गाणी तिची स्वतःची, समोर जे काम असेल त्याच्यावर.

तिची भाची एका कंपनीत नोकरीला होती. बटणांचे छोटे फोन असायचे तेव्हाची गोष्ट. ठरलेल्या क्रमांकावर संदेश पाठवला की गाणं फोनवर उतरायचं, रिंग म्हणूनही वाजायचं, आणि बॅलन्समधून पैसे कापले जायचे. अशी गाणी विकायचा कंपनीचा धंदा. भाची जॅकेटची चेन बसवायला आली, तेव्हा मावशी रंगात आली होती:

"गेलं गं गेलं, बटण गेलं, चार डोळ्यांचं गोरं बटण, कुणाच्या मागे गेलं?"

"मावशी, हे पुन्हा म्हण. मी फोनवर घेते."

मावशीने पुन्हा म्हटलं. पण दुसऱ्या कडव्याला इस्त्रीवाल्याने बाहेरून "माझ्याकडे नाही हो आलं!" असा आवाज दिला आणि मावशीला हसू फुटलं. हसता हसता गाणं, गाता गाता उचकी, असा सगळा गोंधळ झाला. मग तिने घसा खाकरून शहाण्या मुलीसारखं तिसऱ्यांदा म्हटलं.

आठवड्याने भाची पळतच आली. "घेतलं! आमच्या साहेबांनी गाणं घेतलं!"

मावशीच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. "म्हणजे लोक पैसे देऊन ऐकणार?"

"हो ना! नावाजलेल्यांची गाणी पंधराला. तुझं तीनला लावणार आहेत."

"तीन?" मावशीने कात्री खाली ठेवली. "अगं, मी बटण लावायचे चार घेते! बटणापेक्षा बटणाचं गाणं स्वस्त?"

"मावशी, भाव खाऊ नकोस."

"खात नाही, विचारतेय. साहेब भेटतात कधी?"

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून मावशी कंपनीच्या पाचव्या मजल्यावर हजर. कपडे ठेवणीतले, पण गळ्यातली मोजपट्टी काढायची राहून गेली होती. साहेब तरुण, अदबशीर. त्यांनी खुर्ची दिली आणि समजावलं, "मावशी, किंमत नावावर ठरते. तुमचं नाव अजून कुणाला माहीत नाही."

"म्हणजे नावाजलेला माणूस पॅन्ट घेऊन आला तर मी त्याच्या चेनचे जास्त घेऊ?"

साहेबांनी मान हलवली. "तसं नाही. पण लांबीही बघतो आम्ही. तुमचं गाणं सव्वा मिनिटाचं."

"आखूड करायलाच तर जास्त पैसे पडतात, साहेब. लांब सोडून देणं सोपं असतं."

भाचीने तोंड फिरवलं, तिचे खांदे गदगदा हलत होते. साहेबांनी उत्तर द्यायला हात वर केला, तर बाहीचं बटण दोऱ्याच्या एका धाग्यावर लोंबत होतं. मावशीला ते बघवेना. "हात इकडे करा," म्हणत तिने पर्समधून सुई काढली. तिचा हात चालायला लागला की गळाही चालायचा. पहिल्या टाक्याला गुणगुण, तिसऱ्या टाक्याला पूर्ण आवाज. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं उठून दारात जमली. दाताने दोरा तोडेपर्यंत तिघंजण ठेका धरून होते.

"किती झाले?" साहेबांनी बटण ओढून बघत विचारलं.

"चार."

"मग गाणंही चारला लावू?"

"पाच. बटण एकदा लावलं की संपलं. गाणं रोज वाजणार आहे."

साहेब मोठ्याने हसले. ठरलं, पाच! "आणि भाचीने ते हसण्याचं दुसरंही दिलंय, त्याचं काय करू?"

"ते? ते फाटकं आहे. फाटक्याचे पैसे मी घेत नाही. द्या फुकट."

तिथेच गंमत झाली. महिनाभरात पाचवालं चांगलं गाणं उतरलं अकरा वेळा. त्यातल्या आठ वेळा मावशीच्या यजमानांच्या फोनवर! पाणीखात्यातून निवृत्त झालेला तो सरळ माणूस. फोनने "घ्यायचं का?" विचारलं की दर वेळी "हो" दाबत होता. "अहो, आठ वेळा?" मावशी ओरडली. "अगं, तो इतक्या आदराने विचारतो, नाही कसं म्हणू?"

आणि फुकटवालं? ते गावभर सुटलं. दवाखान्यात वाजलं, भाजीच्या गाड्यावर वाजलं. एकदा रस्त्यात एका जाड गृहस्थाच्या खिशातून मावशीचीच उचकी ऐकू आली. मावशीचे पाय जमिनीवर ठरेनात. "अहो, थांबा!" म्हणत ती मागे लागली, आणि मोजपट्टीवाली अनोळखी बाई धावून येतेय म्हटल्यावर गृहस्थही धावायला लागले. सिग्नलला तिने त्यांना गाठलं. धापा टाकत विचारलं, "आवडलं का?"

"क-काय?"

"ते... हसणारं!"

"हां! मुलगी ते लागल्याशिवाय जेवतच नाही हो." मावशीने त्यांचा हात दोन्ही हातांनी हलवला, आणि कोटाचा खिसा उसवलेला दिसल्यावर त्यांना तसंच दुकानात घेऊन गेली.

शेवटी साहेब स्वतः दुकानापाशी आले. बसायला जागा नव्हती म्हणून उभेच. "मावशी, फाटक्याला पैसे लावू या. लोक सातसुद्धा देतील."

मावशीने हातातल्या पॅन्टची शिवण शेवटपर्यंत उसवली. "ज्यांनी फुकट घेतलं त्यांच्याकडून काही मागायचं नाही. पुढच्यांना पाच. आणि दोन्हींना सारखेच. फाटकं म्हणून मीच नाव ठेवलं होतं, चूक माझी."

"सात का नको?"

"हसण्याचे जास्त घेतले तर हसू येणार नाही मला."

तसंच झालं, आणि पाचलाही ते धडाधड खपलं.

पुढच्या शनिवारी यजमानांना घेऊन ती बसने निघाली. बस गच्च भरलेली. मागे एक फोन वाजला: "गेलं गं गेलं." तो उचलायच्या आत पुढच्या बाकावर दुसरा वाजला, एक ठेका मागे. दोन मावश्या एकमेकींना गाठायला धावताहेत असं वाटायला लागलं. मग ड्रायव्हरचाही वाजला! सगळी बस खिदळायला लागली. यजमान उभे राहून दांडी धरत म्हणाले, "ही! हीच ती!"

"अहो, बसा खाली!" म्हणता म्हणता मावशी स्वतःच उभी राहिली आणि तिन्ही फोनांवर आवाज चढवून गायला लागली. कुणी खिडकीच्या काचेवर ताल धरला, कुणी बाकाच्या पाठीवर. उतरायचं ठिकाण आलं आणि गेलं. दोघं उतरली ती चार थांबे पुढे, अनोळखी रस्त्यावर, पोट धरून हसत.