मामीच्या चालीने

मामा रस्त्याला लागले की त्यांची सावली मागाहून धापा टाकत यायची. मामा लोह्याला पोहोचलेले असायचे, तेव्हा सावली नांदेडच्या वेशीवर अजून चहा पीत बसलेली असायची. पहाटे दुधाला निघालेल्या मामांची पावलं ऐकून गल्लीच्या टोकाची म्हैस घाबरून आधीच पान्हा सोडायची. म्हैस आता हयात नाही, नाहीतर साक्षीला आणली असती.

लाइनमनच्या नोकरीत त्यांचा सगळा जन्म खांबाखांबाने चालण्यात गेला. "खांब काय आपल्याकडं येत न्हाई," म्हणायचे. मामी कायम मागे. लग्न असो की बाजार, मामांचं पाणी पिऊन झालं की ती पिशव्या घेऊन वळणावर दिसायची. कुणी टोकलं तर म्हणायची, "त्यांची पाठ दिसली म्हंजी झालं. रस्ता चुकत न्हाई."

माहूरच्या पायऱ्यांवर ती पाठ दिसेनाशी झाली. आम्ही मामा-भाचे पैज लावून वर धावलो आणि मागे वळून पाहिलं ते थेट दर्शनाच्या रांगेत. मामी खाली पडली होती. मांडीचं हाड मोडलं होतं आणि परक्या बायका तिला धरून बसल्या होत्या. पुढे ती काठीवर आली. रोज चाला, डॉक्टर म्हणाले, पण पुन्हा पडलात तर उठणं अवघड. तेव्हापासून मामा तिच्याशी भिंतीकडे बघून बोलायचे.

अशात मामांच्या मुलाने पुण्याहून सुलतान आणून सोडला. वासराएवढा कुत्रा, जर्मन शेफर्ड आणि आणखी कशाकशाची भेळ. मामीचा त्याच्यावर जीव जडला. एकटीने बाहेर पडायची तिला धास्ती होती, पण सुलतान बरोबर असला तर कोपऱ्यापर्यंत जाईन म्हणाली. आता सुलतानने ओढ घेतली की मागे भाजीचा गाडा बांधला असता तर तोही गेला असता. नीट चालायला शिकला नाही तर त्याला भोकरच्या शेतावर धाडायचं ठरलं. म्हणजे मामी कायमची खाटेवर.

मामांनी पट्टा हातात घेतला. त्या दिवशी गल्लीने मामांना जन्मात पहिल्यांदा कुणाच्या तरी मागे पाहिलं. सुलतानने त्यांना पार पाण्याच्या टाकीपर्यंत ओढत नेलं. एक चप्पल चौकात, दुसरी नालीत. मी पोट धरून हसलो. मामा कठड्यावर टेकून धापा टाकत होते.

"याला मागचं माणूस दिसूनच नाही राहिलं," ते म्हणाले. "मी बी असाच होतो, रे."

मग त्यांनी एकच कायदा केला. पट्टा ताणला की थांबायचं, सैल पडला की चालायचं. झटका नाही, ओरडा नाही. भर बाजारात मामा उभे ते उभेच. पानवाले चाचा म्हणाले, "लाइनमन साब, आज तो आप खुदच खंबा बन गए." मामा हलले नाहीत. सुलतानला सवय व्हावी म्हणून ते मामीची काठी घेऊन, तिच्यासारखं एकेक पाऊल टाकत चालायचे. त्या चालीने आपली गल्ली केवढी लांब आहे, हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

सुलतान शिकला. मामीने पट्टा धरला त्या संध्याकाळी तो तिच्या काठीशेजारून असा चालला, जणू अंगावर नवरदेवाचा शेला आहे. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या पायरीवर मामी टेकली. मामा दोन हात लांब उभे.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"कुत्र्याला म्हणताय का मला?"

"तुलाच."

मामीने पदराने पायरी झटकली. "मग बसा की. उभे का राहिलात?"

मामांना जाऊन दोन उन्हाळे झाले. ही गोष्ट मी लग्नाकार्यात रंगवून रंगवून सांगतो, बायका डोळे पुसतात. परवा लातूरच्या बाजारात बायकोला काहीतरी सांगायला वळलो, तर ती कुठेच नव्हती. मी थांबलो. बऱ्याच वेळाने गर्दीतून वाट काढत ती आली.

"काय म्हणत होतात?" तिने विचारलं.

मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्या चालीने चालू लागलो.