एक गुण जास्त

स्कॉटलंडमध्ये जनुकीय समुपदेशन शिकून सांगलीला परत आले, तेव्हा मला वाटलं होतं की इथे लोकांना माहिती नसेल आणि ती मी देईन. बॅगेत कपड्यांपेक्षा तक्ते जास्त होते. विश्रामबागेतल्या आमच्या बाल विकास केंद्रात बसायला लागले तर उलटंच दिसलं. माहिती सगळ्यांकडेच भरपूर होती. ‘मामावर गेलाय’, ‘उशिरा बोलेल’, ‘जरा स्लो आहे, धरेल वेग’. प्रत्येक बाळाला चार जणांनी चार कारणं दिलेली असायची. फक्त ‘डाऊन सिंड्रोम’ हा शब्द आईबापांसमोर कुणी उच्चारलेला नसायचा. तो उच्चारायचा, हे माझं काम.

अशा ठिकाणी किस्से दाराबाहेरच्या चपलांसारखे साठतात. संध्याकाळी सगळे गेल्यावर बघावं, तर एखादी जोडी उरलेलीच असते.

*

हौसाबाई मूळच्या आटपाडीकडच्या, आता सांगलीतच राहणाऱ्या. सून रेखा आणि सहा महिन्यांचा होऊनही मान न धरलेला नातू विराज, अशी तिघं आली होती. मी विचारलं, तक्रार काय आहे?

“तक्रार? लय गुणाचं लेकरू हाय. रडत न्हाई, हट्ट न्हाई. ठिवलं तिथं ऱ्हातं.” शेजारच्या आयांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. रेखा बाळाची मान सावरत खाली बघत होती.

विराजचे डोळे किंचित तिरपे, नाक बसकं, तळहातावर एकच आडवी रेघ. हातापायांत जोर नाही. मी समजावलं की हा शांतपणा स्नायू सैल असल्यामुळे असू शकतो. पेशींमध्ये गुणसूत्रांच्या जोड्या असतात. एकविसाव्या जोडीत दोनऐवजी तीन गुणसूत्रं आली, तर बाळ असं असतं. चेहऱ्यावरून फक्त अंदाज येतो, खात्री रक्ताच्या तपासणीनेच होते.

हौसाबाईंनी सुनेला कोपरानं ढोसलं. “बघ. मी म्हनत न्हवते? गुणच एक जास्त हाय.”

आमच्या डॉक्टर मॅडमनी विराजच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि तो बराच वेळ उचलला नाही. ठोक्यामागे आवाज येत होता. या बाळांच्या हृदयात अनेकदा छिद्र असतं, वेळेत कळलं तर ऑपरेशन करता येतं, उशीर झाला तर फुप्फुसं बिघडतात आणि मग ऑपरेशनचीही सोय राहत नाही. सोनोग्राफीसारखी साधी तपासणी आहे, आजच करू, असं त्या म्हणाल्या. घरात आधी असं कुणी होतं का, हेही त्यांनी विचारलं.

“न्हाई,” हौसाबाई उठल्या. “आनि तपासणीबी नको. एकदा नाव पडलं की जल्मभर पुसत न्हाई.”

*

माणसांना अशी गोष्ट कशी सांगायची, याचं आम्हाला तिकडे प्रशिक्षण होतं. समोर बसावं, घाई करू नये, टिश्यूचा बॉक्स हाताशी ठेवावा. लोणंदच्या शिबिरात रेल्वेत नोकरीला असलेल्या एका गृहस्थांना मी त्यांच्या मुलीचा रिपोर्ट सांगितला, थांबले, आणि बॉक्स हळूच त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो तितक्याच हळूच माझ्याकडे परत सरकवला.

“मॅडम, तुमी घ्या. तुमचंच डोळं भरल्यात.”

मग विचारलं, डाऊन म्हणजे काय? ते एका डॉक्टरांचं आडनाव आहे, मी म्हटलं. त्यांना ते काही पटलं नाही.

“आमच्यात डाऊन म्हंजे पुण्याकडनं मिरजंकडं येणारी गाडी,” मुलीला खांद्यावर घेत ते म्हणाले. “घराकडची.”

*

माझ्या केबिनमधल्या बोर्डावर एक फोटो होता. जेमीचा. आमच्या विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये तो चहा द्यायचा. लाल केस, जाड चष्मा, पन्नाशीचा, आणि डाऊन सिंड्रोम. मी बिनसाखरेचा घेते हे त्याला पाठ होतं, तरी रोज विचारायचा, “साखर?” आणि मी नको म्हटलं की दुःखी चेहरा करायचा. मी निघाले तेव्हा त्याने हा फोटो दिला आणि बजावलं, तिकडे सगळ्यांना दाखव.

इथे आल्यापासून मी बाळं खूप पाहिली. पन्नाशीचा जेमी एकही पाहिला नाही. मोठे कुठे असतात, हे सुरुवातीला मी सगळ्यांना विचारायचे. पुढे विचारेनाशी झाले. चहा पिताना मात्र अजून कुणी तरी “साखर?” विचारावं असं वाटतं.

*

सासूबाई बाजाराला गेल्या की रेखा विराजला घेऊन व्यायामाला येऊ लागली. तपासणीचं नाव काढलं की मान हलवायची. “आत्यांना इचारल्याबिगर न्हाई.”

तिचा नवरा फौजेत, कुठल्या तरी उंच ठाण्यावर. एकदा आमच्यासमोरच त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागे नुसता बर्फ. त्याने विचारलं, टाळी वाजवतो का?

विराज कशाची टाळी वाजवतोय! रेखाने फोन माझ्या हातात दिला, बाळाच्या मागे बसली, त्याचे दोन्ही हात आपल्या हातात धरले आणि वाजवली.

“वाजवतो की,” ती म्हणाली.

“परत एकदा,” तिकडून आवाज आला. त्यानेही हात वर केले आणि नेटवर्क गेलं. दोन तळवे एकमेकांपासून वीतभर लांब, तसाच तो पडद्यावर थांबून राहिला. रेखाने कॉल बंद केला नाही.

*

पुढच्याच आठवड्यात हौसाबाई रेखाच्या मागोमाग केंद्रात आल्या. भांडायलाच आल्या होत्या. माझ्या केबिनमध्ये शिरल्या आणि बोर्डासमोर उभ्या राहिल्या.

“ह्यो कोन?”

जेमी, म्हटलं. लांबच्या गावचा आहे. चहा देतो.

त्यांनी फोटोतल्या चष्म्यावर बोट ठेवून तो झाकला. “ह्यो काढला तर आमचा बाळू हाय. रंग तेवढा उजळ.”

रेखाने चमकून वर पाहिलं. बाळू हे नाव तिने कधी ऐकलंच नव्हतं.

बाळू त्यांचा धाकटा भाऊ. मेंढरांमागे जायचा. चार पावलं पळाला की ओठ निळे पडायचे, मग खाली बसायचा, आणि तो उठेपर्यंत मेंढरंही भोवती थांबायची. हौसाबाईंना बघायला पाहुणे आले तेव्हा त्याला रानात पाठवलं होतं. मिसरूड फुटायच्या आत गेला. सासरी त्यांनी त्याचं नाव कधी काढलं नाही.

“म्हंजे माझ्या माहेरचंच आलं व्हय हे?”

मी सांगितलं, बहुतेक वेळा हे घराण्यातून येत नाही. क्वचित येतं, ते रक्ताच्या तपासणीत दिसेल. आणि आलं असलं तरी त्यात कुणाची चूक नसते.

त्या परत फोटोकडे वळल्या. मग म्हणाल्या, “बाळूच्या छातीतबी असंच हुतं का ओ?”

असेल, म्हटलं. आता सांगता येणार नाही.

त्यांनी रेखाकडून विराजला घेतलं, त्याची मान आपल्या खांद्यावर टेकवली. “चला. कुठं काढायचा छातीचा फोटू?”

छिद्र होतं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, वेळ गेलेली नाही. रक्तही दिलं. निघताना हौसाबाई दारातून परत फिरल्या आणि बोर्डाकडे बघत म्हणाल्या, “ह्यो मला मिळंल का? बाळूचा एकबी फोटू न्हाई.”

माझ्याकडेही जेमीचा तो एकच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्र उघडायच्या आधी मी बोर्डाच्या टाचण्या काढल्या आणि फोटो घेऊन कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेले. मोठा करून फ्रेम करा, म्हटलं. स्टुडिओवाल्याने लाल केसांच्या जेमीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“खाली नाव काय टाकू?”

“बाळू.”

“पुढं कैलासवासी लावायचं का?”

“नको,” मी म्हटलं. “नुसतं बाळू.”