एस्तेरबाईंची शेजारीण

उस्मानपुऱ्याच्या मागच्या बोळात एस्तेरबाई बोर्डे राहतात. सारी हयात त्यांनी दवाखान्यात आयाचं काम केलं. नवरा शांतवन छावणीतल्या चर्चची देखभाल करायचा. तो गेला त्या दिवशी शवपेटी बोळाच्या वळणावर अडकली. माणसं दमली, म्हणून कुणीतरी शेजारच्या सरूबाईंना विचारलं, "घडीभर ओट्यावर टेकवू का?"

सरूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "आमच्या ओट्यावर नाय. काय करायचं ते रस्त्यावर करा."

माणसांनी पेटी तशीच तोलून धरली. ती अधांतरी पेटी एस्तेरबाईंच्या डोळ्यांसमोरून पुढं कधी हलली नाही. दोन्ही घरांतलं बोलणं तिथंच थांबलं.

गेल्या उन्हाळ्यात सरूबाईंच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. मुलगा सुदर्शन कारखान्यात पाळीवर, सून तनुजा औरंगपुऱ्यात कापडाच्या दुकानात. सांभाळायला ठेवलेली बाई टिकली नाही. भिंतीपलीकडून कण्हणं ऐकू येऊ लागलं. एस्तेरबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. पण ते कण्हणं कशाचं हे त्यांना कळत होतं; वॉर्डात त्यांनी ते जन्मभर ऐकलं होतं.

रविवारी चर्चमध्ये त्यांनी डोळे मिटले, तर प्रार्थनाच सुचेना. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "प्रभूपुढं बसले तरी त्या बाईचं कण्हणंच कानात घुमतंय."

"मग प्रभू काय सांगतो?"

"काय सांगतो ते ठाऊक हाय, साहेब. मन धजत नाय."

चर्चमधून त्या घरी न जाता थेट सरूबाईंच्या दारात गेल्या. तनुजाला वाटलं, भांडायला आल्या. "आईंची पाठ बघू का जरा?" एवढं ऐकलं अन् ती रडायलाच लागली.

पाठीवर पडून पडून मोठी जखम झाली होती. एस्तेरबाईंनी कोमट पाणी मागितलं, जखम धुतली. सरूबाईंनी ओळखलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. ओठांशी पाण्याचा पेला नेला, तर दात गच्च आवळले.

एस्तेरबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. पेला आपटून त्या बाहेर बोळात आल्या. घरी जायचं म्हणून चारदोन पावलं चालल्याही. पण जखमेवर पट्टी बांधायची राहिली होती. त्या परत आत आल्या.

"माझं पाणी नको, तर सुनंच्या हातनं घ्या. पण पाठ मला धुऊ द्या."

मग रोज जाणं सुरू झालं. जखम हळूहळू भरत आली. एका दुपारी तनुजा कामावर असताना सरूबाईंनी डावा हात पेल्याकडं केला. एस्तेरबाईंनी मान उचलून पाणी पाजलं. पिऊन झाल्यावर सरूबाईंनी त्यांचं मनगट धरलं. ओठ वाकडेतिकडे झाले, घशातून घरघर आली. "शांत... वन..." पुढचं काही फुटेना. डोळ्यांतलं पाणी कानात ओघळत राहिलं.

ही वेळ आलीच, तर काय काय सुनवायचं हे एस्तेरबाईंनी किती वर्षं मनात घोकलं होतं. तोंडून एवढंच निघालं, "ऱ्हाऊ द्या आता. गप पडा." घरी येऊन मात्र नवऱ्याच्या फोटोपुढं त्या हमसून हमसून रडल्या.

दिवाळीनंतर सरूबाई गेल्या. बायका अंघोळ घालायला आत जमल्या. एस्तेरबाई बाहेरच उभ्या होत्या. तनुजानं येऊन हात धरला. "मावशी, तुम्ही बाहेर का? आत चला."

भावकीतले काकासाहेब घसा खाकरून म्हणाले, "आपल्यात असं चालत नाय."

"त्या घरच्याच हायेत, काका," सुदर्शन म्हणाला. काकासाहेबांनी मान फिरवली; कुणी त्यांची समजूत काढत बसलं नाही. तनुजा एस्तेरबाईंना हाताला धरून आत घेऊन गेली.

आता एस्तेरबाई मागच्या गल्लीतल्या सगीराबींकडं जातात. म्हातारीचं कमरेचं हाड मोडलंय, कुशीवर वळवायला दोघी लागतात. सुट्टीच्या दिवशी तनुजा सोबत असते. पहिल्या दिवशी तिला जमेना, म्हातारी कळवळली. "आहिस्ता, बेटा," सगीराबी म्हणाल्या. एस्तेरबाईंनी तनुजाचे हात धरून नीट खांद्याखाली ठेवले, आणि दोघींनी मिळून म्हातारीला हळूच वळवलं.