डब्याने जिंकून दिलेला प्रत्यय

आज घरी आलं: समोरच्या फिलोमिनाकडून सुक्या जवळ्याची चटणी, स्टीलच्या डब्यातून. किंमत शून्य. पण डबा रिकामा परत करायचा नाही, हा आमच्या मजल्यावरचा रिवाज.

मंडळी, मी आणि माझी लेक गौरी मिळून एक नवी भाषा बनवतोय. कुठलीही वस्तू 'माझी' म्हणायची तर नामाला 'मो' जोडायचा. मला अजून एक प्रत्यय हवा होता, परत द्यायच्या वस्तूंसाठी. गौरी ऐकेना. "आई, उगाच वाढवू नकोस ना. एकात भागतं."

दुपारी तीच डबा धुऊन बॅगेत भरायला लागली. "आपला डबा नेते गं."

"आपला नाही, आपल्याकडचा," मी म्हटलं. "खोबऱ्याच्या वड्या भरून परत जायचाय तो."

तिने डबा बॅगेतून परत बाहेर काढला. "जिंकलीस यार." आणि तिनेच ठरवलं, परत द्यायच्या वस्तूला 'रू'.

मी लगेच देवापुढे साखर ठेवली. तर ही मागून विचारते, "मग मला कुठला लावशील?"

"रू. देवाने मला सांभाळायला दिलंय तुला. पण परत करायची मला घाई नाही."

तुम्ही तुमच्या माणसांना कुठला लावाल? उलट टपाली कळवा.