काचेतलं थांबलेलं पाणी

लग्न होऊन मी गोंदियाला आले ती थेट एका राईस मिलच्या आवारात. नवरा बॉयलरवर होता. आमची खोली बॉयलरघराच्या भिंतीला लागून. मे महिन्यातही ती भिंत आतून तापलेली. विस्तव पेटता असला की त्यानं जागा सोडायची नाही, असा नियम. म्हणून तोही कुठं जायचा नाही आणि मीही नाही. माहेर दवनीवाड्याला, एवढ्या जवळ. तीन वर्षांत एकदाच गेले.

जेवण घेऊन गेले की मी बॉयलरच्या काचेकडं बघत बसायची. आत पाणी किती आहे ते त्या उभ्या काचेच्या नळीत दिसायचं. चालू बॉयलरचं पाणी सारखं थरथरतं, हे मला त्यानंच शिकवलं होतं.

एका दुपारी त्याला ताप भरला होता. डोळे मिटून तो भट्टीसमोर टेकला होता. मी पेज घेऊन गेले. काच अर्धी भरलेली, पण पाणी अगदी गप्प.

"अवो, पानी हालून नाही राहिलं," मी म्हटलं.

तो दचकून उठला. काचेच्या बाजूची, पाणी तपासायची तोटी उघडली. पाणी यायला हवं होतं तिथून नुसती वाफ फुसफुसली. काचेची वाट गाळानं चोंदली होती. खरं पाणी कधीच खाली गेलं होतं.

मिलचा मुनीम धावत आला. टाक्यांमध्ये भिजवलेलं धान उकडायला वाफेसाठी थांबलं होतं. "अंदर पानी छोड दो, और क्या!"

"तापल्या पत्र्यावर थंडं पानी सोडलं तं बॉयलर फाटंल. मी नाही सोडत."

तो भट्टीतला पेटता कोंडा बाहेर ओढू लागला. मी दुसरा दांडा उचलला.

"तू बाहेर जाय वं!"

दार चार पावलांवर होतं. पळावंसं फार वाटलं. पण त्याला तिथं टाकून जाणार कुठं?

विस्तव निघाला. मुनीम म्हणाला, नळी साफ करा आणि पेटवा. नवरा म्हणाला, "नागपूरच्या इंजिनिअरनं आतून पाहिल्याबिगर नाही." कुणी पेटवू नये म्हणून दोन दिवस तो तापातच बॉयलरघराच्या दारात बसून राहिला. धान आंबलं, आवारभर वास सुटला. शेवटी मालकानं नागपूरला तार केली.

इंजिनिअर आत शिरला आणि काजळीनं काळाठिक्कर होऊन बाहेर आला. भट्टीवरचा पत्रा फुगला होता. "नळी तुम्ही साफ करा," तो म्हणाला, "पण पत्रा कोरडा तापल्याची नुसती शंका आली तरी आम्हाला बोलवा. पाणी सोडलं असतं, तर शेजारची खोलीसुद्धा राहिली नसती."

बॉयलर वाचला म्हणून मालक खूश झाला. आजपासून या बॉयलरवर याच्याशिवाय दुसरा माणूस नाही, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. नवऱ्यानं मान डोलावली. मी खोलीत येऊन रडले.

"मले नाही राहाचं इथं," मी त्याला म्हटलं.

तो म्हणाला, "बॉयलर दुसऱ्याच्या हाती देऊन गेलो आन् फाटला तं?"

आणखी नऊ वर्षं आम्ही तिथंच होतो.