आज गुत्तेदारच दारात आला

मंडळी, आज उलटंच घडलं. रस्त्यासाठी गुत्तेदाराच्या, म्हणजे कंत्राटदाराच्या मागं फिरायची आपली सवय, आणि आज गुत्तेदारच आमच्या दारात हात जोडून उभा!

आमचं शेत ढोकीच्या रस्त्याला लागून आहे. उसाला पाणी सोडलं की पाट फुटतो आणि पाणी डांबरावर येतं. कायमचंच आहे ते.

"अण्णा, तेवढं पाणी वळवा," तो माझ्या वडिलांना म्हणाला.

अण्णा भडकले. "रस्ता सरकारचा हाय, तुमचं काय जातंय?"

"आता आमचंच जातंय! नुसतं डांबर टाकून बिल निघत न्हाय. वर्षानुवर्षं रस्ता चांगला ठेवला तरच पैसे. पाण्यानं खड्डा पडला की पैसे कापले!"

अण्णा खो-खो हसले. "म्हंजे आता खड्डा तुमाला टोचणार! हे लई बेस झालं." त्याला चहा पाजला, खोरं उचललं आणि दोघांनी मिळून फुटलेला पाट बुजवला.

संध्याकाळी शेजारच्या बंडूचं पाणी रस्त्यावर आलं, तर अण्णा बांधावरून ओरडले, "ए, आमचा रस्ता खराब करतोस व्हय?"

सकाळी तो सरकारचा होता! तुमच्या गावचा रस्ता सध्या कुणाचा आहे?