आण्णांची वाटी

आमच्या तालमीच्या शववाहिकेत जिवंतपणी आडवा झालेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो दर रविवारी होत असे. अंघोळ, कपाळाला भस्म, चहा असं सगळं उरकून आण्णा गाडीपाशी यायचे. मागचं दार उघडायचं, चपला बाहेर काढून ठेवायच्या आणि जिथं देह ठेवतात त्या पत्र्याच्या पाटावर खुशाल उताणं पडायचं. पोटावर पाण्यानं काठोकाठ भरलेली स्टीलची वाटी. मग आतून आवाज यायचा, "हं, घ्या पुढं!"

गाडी पुढे घेणारा मी. कळंब्याच्या तळ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच काम. पण मी गाडी चालवतो म्हणजे काय करतो, हे आमच्या घरी विचारा. परत येईपर्यंत वाटी रिकामी आणि आण्णांचा बनियन ओला. उठून बसत ते वाटी माझ्यासमोर उपडी धरायचे. "सेक्रेटरी, तुमच्या हातात गाडी दिली की गेलेला माणूस दुसऱ्यांदा जाईल."

एका रविवारी तळ्याजवळ चहाला थांबलो होतो. एक म्हातारे गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन चालले होते. गाडी बघून थांबले, काचेतून आत डोकावले, हात जोडले आणि हळू आवाजात मला विचारलं, "कोण गेलं हो?" मी उत्तर द्यायच्या आत आतूनच आलं, "कोन न्हाय पावणं, चाचणी हाय." त्यांची वांगी आम्ही बराच वेळ रस्त्यावरून गोळा करत होतो.

आण्णा मूळचे कागलच्या पलीकडचे, सीमेवरच्या गावचे. घरात कानडी, बाहेर आमच्यापेक्षा कडक कोल्हापुरी. उभा जन्म दुधाच्या टँकरवर गेलेला. निवृत्त झाल्यावर तालमीची शववाहिका त्यांनी आपणहून चालवायला घेतली, फुकट. मी तालमीचा सेक्रेटरी. तालमीत मी कधी एक जोर मारलेला नाही, पण अर्ज बरा लिहितो म्हणून मला पद दिलं होतं. शववाहिकेला कधीकधी जोडीला माणूस लागायचा आणि मला वेळेवर सबब सुचत नसे. त्यामुळे आण्णांच्या शेजारी केबिनमध्ये बसून मी बऱ्याच लोकांना पोचवलं आहे.

वाटीचं वेड त्यांना पहिल्यापासून नव्हतं. ते लागलं त्या दिवशी मी शेजारीच होतो.

गगनबावड्याकडची एक म्हातारी इथल्या दवाखान्यात वारली. तिला गावी न्यायचं होतं. मागे तिची लेक आणि एक चुलता. आमची गाडी म्हणजे मुळात मालवाहू पिकअप, वर पत्र्याची बॉडी चढवलेली. टनभर माल पेलायला बनवलेले मागच्या स्प्रिंगचे लोखंडी पाटे, त्यावर एक वाळलेली म्हातारी आणि दोन माणसं. प्रत्येक खड्ड्याला गाडीचा मागचा भाग उडायचा. एका मोठ्या खड्ड्यात चाक गेलं आणि मागून किंकाळी आली, "आई हलली! आवं गाडी मागं घ्या, आई हलली माजी!"

आण्णांनी गाडी थांबवून मागचं दार उघडलं. म्हातारीचा हात चादरीतून निसटून लेकीच्या मांडीवर पडला होता. लेक तो हात धरून हसत होती. रडत रडत हसत होती. चुलता आमच्या तोंडाकडे बघत होता. मी आण्णांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं, पण मी फक्त जाऊन सीटवर बसलो आणि सीटबेल्ट लावला. का लावला ते आजही सांगता येत नाही.

आण्णांनी गाडी वळवली. दवाखान्याच्या दारात डॉक्टर गाडीपाशी आले. त्यांनी नळी लावली, वेळ घेतला, डोळ्यांत बॅटरी मारली. मग सकाळी जे सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. परत जाताना लेकीनं आईचा हात आपल्या दोन्ही तळव्यांखाली दाबून धरला होता. गाव येईपर्यंत तिनं तो सोडला नाही. आण्णांनी तो सगळा रस्ता माणूस चालतो त्या वेगानं काढला.

परतताना ते एवढंच म्हणाले, "मला ठावं हुतं, सेक्रेटरी. पन त्या पोरीला न्हाय कसं म्हणायचं?" आणि गाडी जागेवर लावताना, "म्हातारी आज दोनदा गेली. दुसऱ्यांदा माज्या गाडीनं घालवली."

दुसऱ्याच दिवशी ते गाडी घेऊन उद्यमनगरात रफिकभाईंच्या गॅरेजला गेले. तिथला पहिला उपाय साफ फसला आणि तो आण्णांच्या हट्टामुळे फसला, हेही सांगितलं पाहिजे. रफिकभाई नको म्हणत असताना त्यांनी सगळ्यात जाड, सगळ्यात कडक शॉकप घालून घेतले. मजबूत म्हणजे चांगलं, हा टँकरवाल्याचा हिशोब. गाडी शेळीसारखी उड्या मारायला लागली. त्या रविवारी वाटी पोटावरून हनुवटीवर आली.

"सांगत हुतो का न्हाय?" रफिकभाई म्हणाले.

"सांगत हुतास. जरा वरडून सांगायचं की मग!"

मग रफिकभाईंनी मागच्या पाट्यांतला एक पाटा काढला आणि कमीजास्त करता येणारे शॉकप सुचवले. स्प्रिंगखालची रिंग वाकड्या पान्यानं फिरवली की गाडी उंच किंवा खाली, आणि बटण फिरवलं की कडक किंवा मऊ. "पन आण्णा, हे शर्यतीच्या गाड्यांस्नी लावत्यात, मढ्याच्या न्हाय."

"लाव की. आमची पन शर्यतच हाय, जरा सावकाशीची."

तालमीच्या बैठकीत हा विषय मी मांडला तेव्हा लोक पोट धरून हसले. अर्ज बरा लिहितो हा माझा लौकिक त्या दिवशी धुळीला मिळाला. कुणीतरी म्हणालं, "आण्णा, मेलेल्याला काय कळतंय?"

"मेलेल्याचं सोडा," आण्णा म्हणाले. "शेजारी बसलेल्याला कळतंय की."

त्यावर पैसे मंजूर झाले. त्या वर्षी गणपतीत स्पीकरच्या भिंती कमी लागल्या आणि तरणी पोरं विसर्जनापर्यंत आण्णांशी बोलली नाहीत.

रिकामी पिकअप नेहमी मागून वर उचललेली असते. देहाचं डोकं पुढे, म्हणजे डोकं खाली. मागे नातेवाईक बसले की उलट, गाडी मागे बसते आणि देह दाराकडे सरकतो. आण्णांना यातलं काहीच चालत नसे. दारात रडारड चाललेली असायची आणि हे एका कोपऱ्यात उभं राहून रडणाऱ्यांच्या वजनाचा अंदाज घ्यायचे. मला कानात विचारायचे, "ते जाडजूड जावई मागं बसणार का पुढं?" मग पांढऱ्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरायचे, रिंगा फिरवायचे, बाहेर येऊन डॅशबोर्डवर भरली वाटी ठेवायचे. पाणी चारी बाजूंनी काठाला सारखं टेकलं की हनुवटी छातीला लावून एकदाच मान हलवायचे. तोंडानं काही नाही. पोचल्यावर वाटीत राहिलेलं पाणी स्मशानाच्या फाटकापाशी मातीत ओतायचं आणि वाटी धोतरानं पुसायची.

ती एक मान म्हणजे त्यांची सगळी शाबासकी. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे आक्का म्हणत असू. आक्का एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "माज्या सैपाकाला जन्मभर तेवढी एक मान मिळाली बघा. तोंडानं बरं झालंय असं कदी म्हटलं न्हाय. पन मान हलली न्हाय तर मला घास उतरायचा न्हाय."

मला ती मान कधीच मिळाली नाही. रविवार मागून रविवार गेले, वाटी रिकामीच.

माझे वडील, दादा, गेले तेव्हा दवाखान्यातून घरी त्यांना आण्णांनीच आणलं. मी पहिल्यांदा केबिनमध्ये नव्हतो, मागे होतो. दादांचा हात चादरीखाली माझ्या गुडघ्याजवळ होता. रस्ता आमचाच, खड्डे ओळखीचे. हा गतिरोधक आला, आता ती उखडलेली जागा येईल, मला सगळं पाठ. आणि प्रत्येक ठिकाणाआधी मी त्या हाताकडे बघत होतो. तो सबंध प्रवास मी, हात एकदा हलावा, या एकाच इच्छेवर काढला असं म्हणायला हरकत नाही. हात जागचा हलला नाही. घर आलं.

तेराव्यानंतर मी हे आण्णांना सांगितलं. आपल्याला काहीतरी समजूतदार ऐकायला मिळेल अशी माझी कल्पना.

"ठावं हाय," ते म्हणाले. "आरशात तुमीच दिसत हुता." मग पान्यावरचं ग्रीस पुसत म्हणाले, "तसा धक्का मागणारे लई असत्यात, सेक्रेटरी. म्हणून तर द्यायचं न्हाय."

पुढे त्यांचं पोट दुखायला लागलं. निदान झालं तोवर उशीर झाला होता. खाटेवर पडल्या पडल्या ते खोलीतल्या सगळ्या गोष्टी सरळ करायला लावायचे. मी गेलो की, "उशाकडनं खाट चढलीया, बघा जरा." मी पायाखाली पुठ्ठा घालायचो. त्यांचं समाधान व्हायचं नाही. बोलणं थांबलं तेव्हाही ते हातानं खूण करून पुठ्ठा सरकवायला सांगत होते.

ते गेल्यावर एक अडचण कळली. आण्णांच्या समाजात देह आडवा नेत नाहीत. खुर्चीत बसवून, भस्म लावून, हार घालून नेतात आणि मातीत तसाच बसवतात. सगळ्या गावाला झोपवून नेण्याची तयारी केलेल्या या माणसाला स्वतः मात्र बसून जायचं होतं, आणि त्याची चाचणी त्यांनी कधी घेतली नव्हती.

रफिकभाई सकाळीच आले. पत्र्याचा पाट काढला, खुर्ची बांधली, स्वतः तीत बसले आणि मला म्हणाले, "घ्या पुढं." कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. ते उतरून गाडीखाली गेले, रिंगा फिरवल्या. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा तोंड ग्रीसच्या फडक्यानं पुसलेलं होतं, त्यामुळे कसलं ओलं होतं ते कळलं नाही.

चालवायचं कुणी, तर आक्कांनी माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, "आक्का, माझं चालवणं तुम्हाला माहीत आहे." त्या जवळ आल्या. रडून आवाज बसला होता. "म्हणूनच सांगाय लागलोय. त्या मोठ्या गतिरोधकावर जरा धक्का बसू दे. एकदा मान हलू दे त्येंची. मला बघायचीया."

पुढे गतिरोधक येईपर्यंत मला बाकी काहीच दिसत नव्हतं. आरशात आण्णा ताठ बसलेले, कपाळभर भस्म. शेजारी आक्का, एक हात त्यांच्या खांद्यावर, नजर मानेवर. मी दादांच्या हाताकडे ज्या नजरेनं बघत होतो, तीच. धक्का देणं ही जगातली एकमेव गोष्ट मला उत्तम येते. पाय उचलायचाही नव्हता, नुसता आहे तिथं ठेवायचा होता.

मी ब्रेक दाबला. पुढची चाकं चढवली, उतरवली. मागची चढवली. उतरवली.

आण्णांची मान हलली नाही. आक्कांनी खांद्यावरचा हात काढून पदरात घेतला आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्या माझ्याशी पुढे बोलल्या, पण बऱ्याच महिन्यांनी.

फाटकापाशी लोकांनी त्यांना खुर्चीसकट उतरवून आत नेलं. मी केबिनमध्येच राहिलो होतो. डॅशबोर्डवर रफिकभाईंनी ठेवलेली वाटी होती. काठोकाठ. एक थेंब सांडला नव्हता. ती दोन्ही हातांनी उचलली आणि आण्णांना दाखवायला मागे वळलो.